झोपलेल्या झाडाचं पाणी

"हळू बोला, झाड झोपलंय," असं मला माझ्या तरुणपणी कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला आधी सावलीत बसवून लिंबूसरबत पाजलं असतं आणि मग चांगल्या डॉक्टरचा पत्ता दिला असता. मी मंगळवेढ्याची. आमच्याकडे ज्वारीची कणसं मोजायची, स्वप्नं मोजायची नाहीत. पण आता कामतेंगोत मीच हे वाक्य लोकांना सांगत फिरते, आणि कुणी हसतसुद्धा नाही.

कामतेंगो हे मलावी देशातलं एक गाव. मोठ्या सरोवरापासून बरंच आत, लाल मातीच्या उतारावर विखुरलेलं. मी हेमलता मेटकरी, पुण्यातल्या एका संस्थेची बुरशीतज्ज्ञ, इथे दोन वर्षांसाठी म्हणून आले त्याला नऊ वर्षं झाली. इथे मला 'मायी हेमा' म्हणतात. मायी म्हणजे आईच. स्वतःचं लेकरू नाही, पण आख्खं गाव मायी म्हणतं म्हटल्यावर सगळ्यांना रागवायचा हक्क आपोआप मिळाला, आणि तो मी भरपूर वापरते.

तर झाडाचं. इथे म्सांगू नावाचं एक काटेरी झाड आहे, आपल्या बाभळीच्या गोतातलं. सगळ्या जगाच्या उलट वागायचं हा त्याचा स्वभाव. पावसाळ्यात सारं रान पालवतं तेव्हा हे पानं टाकून उघडंबोडकं उभं राहतं, आणि उन्हाळ्यात सगळं वाळलं की हे हिरवंगार. जुने लोक म्हणायचे, म्सांगू पावसाळ्यात झोपतं. शास्त्राच्या भाषेतही त्याला सुप्तावस्थाच म्हणतात, म्हणजे झोपच की. शेतकऱ्याला त्याचा फायदा असा, की झाड शेताच्या मधोमध असलं तरी मक्यावर सावली पडत नाही.

आमच्या संस्थेचं लक्ष मात्र त्याच्या मुळांवर होतं. ही मुळं विहिरीही पोचणार नाहीत इतक्या खोल ओलीपर्यंत जातात. खाली ओल, वर कोरडं आणि मधे मूळ, असं असलं की कंदिलाच्या वातीतून तेल चढतं तसं पाणी आपसूक वर चढतं आणि वरच्या बारीक मुळांतून कोरड्या मातीत झिरपतं. यात दयाबुद्धी काही नाही. ओलीकडून कोरड्याकडे जायचं, एवढाच पाण्याचा नियम. इतर झाडं हे पाणी दिवसा पानांवाटे स्वतःच पिऊन टाकतात. म्सांगूला पावसाळ्यात पानंच नसतात. झाड झोपलेलं, मुळं मात्र चालू. ते स्वतः पीत नाही, झोपेत नुसतं देत राहतं.

अडचण एकच होती. ते पाणी मुळापासून वीतभरही लांब जात नसे. मग आम्ही एक बुरशी वाढवली. तिचे तंतू एकमेकांना पीळ घालून पोकळ दोरे तयार करतात. दोऱ्याचं एक टोक म्सांगूच्या मुळाला चिकटतं, दुसरं मक्याच्या. पाणी इकडून तिकडे जातं, आणि मोबदल्यात मका बुरशीला साखर देतो. गावाने तिचं नाव ठेवलं उलूसी, म्हणजे सूत. बियाण्याला चोळून पेरायची, बाकी ती आपलं आपण बघते.

हे सूत ऐकताही येतं. आमच्याकडे एक पोकळ काठी आहे. ती मातीत खोचली आणि वरचं गोल टोक कानाला लावलं की आत पाणी सरकल्याचा आवाज येतो. एकसारखा नाही. बारीक टिकटिक, मग मोठा श्वास सोडल्यासारखं काहीतरी, मग पुन्हा टिकटिक. पहाटे धुकं जमिनीलगत साचलेलं असतं, त्यातून म्सांगूचे पांढुरके बुंधे वर आलेले, वरती पान नाही, पाखरू नाही, आणि कानात हा आवाज. मी शास्त्रज्ञ बाई, पण कितीदा तशीच उभी राहिले आहे, चहा गार होईपर्यंत. आपण कुणाच्यातरी स्वप्नात चोरपावलाने शिरलोय असं वाटायचं. लाज वाटायची आणि निघवतही नव्हतं.

आता एनेलेसी आणि फालेसी. या दोघी सख्ख्या बहिणी. इथे जमीन आईकडून मुलींकडे जाते. लग्न झालं की नवरा बायकोच्या गावी राहायला येतो, आणि घरातला मोठा शब्द असतो बायकांच्या मामाचा. आपल्याकडे मामा लग्नात मुलीला मांडवात आणण्यापुरता. इथे मामा म्हणजे हायकोर्ट. या दोघींचा मामा लेडिसन, सत्तरीचा, तोंडात कायम उसाचं कांडं, आणि बोलणं इतकं सावकाश की वाक्य पूर्ण होईपर्यंत माझा जीव जातो.

आईच्या पश्चात जमिनीचे दोन भाग झाले, मधे एक पायवाट. वरचं शेत थोरल्या एनेलेसीचं, खालचं धाकट्या फालेसीचं. दोन्हीकडे आईने राखलेले म्सांगू होते. एका वाईट वर्षी फालेसीचा नवरा दक्षिणेकडे कामाला गेला तो परतला नाही, घरात तीन लेकरं, आणि तिने आपली झाडं तोडून कोळसा पाडला आणि शहराच्या लॉरीला दिला. एक ना दोन, सगळी. एनेलेसी तेव्हा पायवाटेवर उभी राहून सगळ्यांदेखत तिला म्हणाली होती, "तू आईला कोळशाच्या भावात विकलंस." उचलली जीभ लावली टाळ्याला. पण असलं बोलणं परत गिळता येत नाही. चार वर्षं दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. विहिरीवर एक आली की दुसरी घागर अर्धी भरूनच निघायची.

एनेलेसीचं शेत आमच्या प्रयोगात होतं. ती विधवा, मुलगी शहरात कामाला, आणि मुलीची दोन लेकरं हिच्याकडे. त्या तिघांचं वर्षाचं पोट त्या एका शेतावर. मका पिकला तर दळून न्सिमा, म्हणजे घट्ट उकडीसारखा गोळा, दोन वेळा. नाही पिकला तर देवाचं नाव. फालेसीचंही तेच, फक्त तिच्याकडे झाडं नव्हती आणि आमचं बियाणंही नव्हतं.

त्या वर्षी फेब्रुवारीत पाऊस गेला. मका नुकता तुऱ्यात आलेला, कणसं भरायची वेळ. हे इथले भुकेचेच महिने असतात. जुनं धान्य संपलेलं, नवं अजून शेतात. हल्ली हवामान आधीच बिनचूक कळतं, हा एक नवाच छळ आहे. पूर्वी लोक आभाळाकडे बघून आशा तरी करायचे. आता फोन सांगतो, तीन आठवडे थेंब नाही, आणि खरंच थेंब नसतो. लोक मान खाली घालून चालू लागले. दुपारी सगळं गाव ओसरीला पडून असायचं आणि उन्हात मक्याची पानं गुंडाळी करून उभी. कुत्रीसुद्धा भुंकत नव्हती.

एनेलेसीचा मका मात्र हिरवा होता. आणि गंमत अशी, की खालच्या अंगाला फालेसीचाही हिरवा होता. झाड नाही, बियाणं नाही, तरी हिरवा. गावाने त्याचे वाट्टेल ते अर्थ लावले. मी मनात म्हटलं, हातच्या काकणाला आरसा कशाला, आणि पायवाटेवर काठी खोचली. पायाखालून सूत गेलं होतं. टिकटिक, श्वास, टिकटिक. पाणी वरून खाली, थोरलीच्या झाडांपासून धाकटीच्या मक्याकडे चाललं होतं. सुताला बांध कळत नाही. जिथे तहान जास्त तिथे ओढ जास्त, म्हणून पाणी तिकडेच जास्त.

पुण्याहून आमचे संचालक उपासनी रोज पडद्यावर यायचे. मी त्यांना हे सांगितलं, तर गृहस्थ म्हणाले, म्हणजे आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, साहेब, कुत्रं नाही, तिची बहीण आहे. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. उपाय सोपा होता. पायवाटेने एक खोल अरुंद खंदक मारायचा, सूत तुटेल, पाणी प्रयोगाच्या शेतात राहील. यंत्र तालुक्याच्या गावी होतंच, ते त्यांनी पाठवूनही दिलं. फक्त जमिनीच्या मालकिणीने हो म्हणायला हवं होतं.

खरं सांगायचं तर मलाही तो खंदक हवा होता. उपासनींसाठी नाही, झाडासाठी. शेताच्या मधोमध सगळ्यात जुनं म्सांगू होतं, दोघींच्या कवेत मावणार नाही असा बुंधा, आणि त्याच्या वरच्या फांदीच्या टोकाला मला हिरवा ठिपका दिसला होता. मग दुसरा. कोंब होते ते. भर पावसाळ्यात.

याचा अर्थ सोपा आणि वाईट. म्सांगूला खालची ओल हटू लागली की उन्हाळा आला असं वाटतं आणि ते जागं होतं. आता दोन शेतांची तहान त्याच्यावर पडली होती आणि ते उपसलं जात होतं. झाड जागं झालं, पानं फुटली, की पाणी पानांवाटे स्वतः पिणार. मुळांतून वर चढेल ते सगळं आभाळात. सुतातून थेंब येणार नाही, ना हिला ना तिला. एवढं ते लाखमोलाचं दान झाडाच्या झोपेवर उभं होतं, आणि झाड कूस बदलत होतं.

मी एनेलेसीला बोलावलं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. तिला कोंब दाखवले, काठी तिच्या कानाला लावली. ती पायवाटेवर गुडघे टेकून बराच वेळ ऐकत राहिली. चेहरा उंच कपाळाचा, ताठ, त्यावर काही उमटायचं नाही.

"फालेसीकडे जातंय," ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली.

मी हो म्हटलं. खंदकाचं सांगितलं. तुझा मका वाचेल, झाडही बहुतेक झोपेल. तिचा जाईल. खंदक नाही मारला तर बहुधा दोन्ही जातील. मी हे असं घडाघडा बोलले, कारण हळुवार बोलायला मला जमत नाही. तिने विचारलं की मक्याचं एक ताट, म्हणजे एक उभं रोप, कमी झालं तर तेवढी ओढ कमी होते का. मी म्हटलं, अर्थातच, पण तू तुझी ताटं कमी केलीस तर तेवढं पाणी खाली जाईल, तुझ्या हाती काय राहणार? झाडावरचा भार उतरायचा तर दोन्हीकडची ताटं कमी व्हायला हवीत. ती म्हणाली, उद्या सकाळी सांगते. आणि डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन गेली.

त्याच दुपारी मी खालच्या शेताकडून जात होते. फालेसी अंगणात उखळात मका कांडत होती. मूठभरच होता. मुसळाचा आवाज पोकळ यायचा. ती थोरलीसारखीच उंच, पण खांदे पडलेले, आणि डोळे सदा दुसरीकडे कुठेतरी. हिच्याशी मी फारसं बोलत नसे. कबूल करते, मला तिचा रागच होता. झाडं तोडणाऱ्या माणसाचा मला येतोच. पण तिने मुसळ थांबवलं आणि विचारलं, मायी, माझ्या शेतात पाणी कुठून येतं? पायवाटेवर तुम्ही दोघी मातीला कान लावून बसला होता ते मी पाहिलं.

खोटं कशाला बोलू. सांगितलं, अक्काच्या झाडांकडून येतं. इथे थोरल्या बहिणीला नावाने हाक मारत नाहीत. त्यांचा शब्द वेगळा आहे, मी आपली अक्का म्हणते. सुताचं सांगितलं, कोंबांचं सांगितलं, खंदकाचं यंत्र आलंय तेही सांगितलं. मला वाटलं रडेल, हात जोडेल, निदान भांडेल तरी. तिने नुसतं हं म्हटलं आणि पुन्हा कांडायला लागली. मी मनात म्हटलं, काय दगड बाई आहे.

सकाळी यंत्र पायवाटेवर उभं होतं आणि चालवणारा माणूस त्याच्याच सावलीत पेंगत होता. धुकं होतं. त्या धुक्यातून सपकन, सपकन असा आवाज यायला लागला. मी पुढे गेले तर एनेलेसी हातात कोयता घेऊन स्वतःच्या मक्यात उभी. तुऱ्यात आलेलं, कणीस धरलेलं ताट ती बुडातून कापत होती. एक कापायची, एक ठेवायची. एक कापायची, एक ठेवायची. सुरुवात तिने पायवाटेच्या बाजूने केली होती, जिथून खालच्या घराच्या दारात उभं राहिलं की सगळं दिसतं.

माझं डोकंच फिरलं. मी पळत गेले, तिचा हात धरला, मराठीत काय काय बोलले कोण जाणे. अगं बाई, तुझी नातवंडं काय खातील? काल मी काय कपाळ सांगितलं तुला? हे पाणी तुझ्याकडे राहणार नाही, सगळं तिच्याकडे जाणार! तिने माझी बोटं एकेक करून सोडवली, अगदी मायेने, लहान मुलाच्या मुठीतून काही काढून घ्यावं तशी. आणि पुन्हा कोयता चालवायला लागली.

लेडिसनमामा बांधावर बसला होता. मी सगळा राग त्याच्यावर काढला. तुम्ही मामा ना हिचे, थांबवा हिला. त्याने उसाचा चोथा थुंकला, दुसरं कांडं सोललं, आणि मग सावकाश सांगायला लागला.

त्यांच्या घरात पूर्वी सगळ्या बहिणी आपापल्या चुलीवर रांधायच्या, पण जेवायच्या एकत्र. प्रत्येकीने आपली टोपली आणायची, मधे ठेवायची. कुणी किती आणलं हे विचारायचं नाही. विचारणं म्हणजे तोंडात मारल्यासारखं. मग वाईट वर्षी काय करायचं? तेव्हाही विचारायचं नाही. थोरलीने पहिला घास घ्यायचा आणि तो छोटा घ्यायचा, सगळ्यांना दिसेल असा. त्यावरून बाकीच्यांनी ओळखायचं की आज कमी आहे, आणि आपला घास तेवढाच करायचा. बोलायचं काही नाही. "चार वर्षं दोघींनी एका टोपलीत हात घातला नाही," मामा म्हणाला. "आज एनेलेसीने पहिला घास घेतला."

मी म्हटलं, आणि धाकटीने ओळखलं नाही तर? तिने मोठाच घास घेतला तर? मामा म्हणाला, तर एनेलेसी उपाशी राहील. तिला ते माहीत आहे.

मी खाली बघितलं. फालेसी दारात उभी होती. दोन्ही हात चौकटीला, धाकटं पायाला बिलगलेलं. तिने सगळं पाहिलं, शेवटच्या वरंब्यापर्यंत. एनेलेसीने एकदाही तिच्याकडे मान वळवली नाही. मग फालेसी आत गेली आणि दार लावून घेतलं.

यंत्रवाल्याला परत पाठवलं. उपासनी पडद्यावर इतके ओरडले की मी आवाज बंद करून त्यांचं नुसतं तोंड हललेलं बघत बसले. तो सगळा दिवस फालेसीचं दार उघडलं नाही. मी दर थोड्या वेळाने जाऊन बघायचे. खालचा मका जसाच्या तसा, हिरवागार, दाट. वरच्या शेतात अर्धी ताटं आडवी पडलेली, उन्हात सुकणाऱ्या मक्याचा गोडसर वास, आणि फांदीवरचे ते कोंब. मी जन्मात कुणाला इतक्या शिव्या मनात दिल्या नसतील. ऊन असं होतं की लांबचं सगळं हलताना दिसायचं. झाडं जणू उभ्या उभ्या पाण्यात बुडालेली. त्या गुंगीत मला वाटत राहिलं की आपण हाक मारली तर हे सगळं पुसलं जाईल. म्हणून मी गप्प बसले, जे मला कधी जमत नाही.

पुढचं आधीच सांगून टाकते, कुणाचा जीव टांगणीला नको. झाड उठलं नाही. दोन-तीन दिवसांत कोंब तपकिरी पडून गळाले. मी खाली उभी राहून गळताना पाहिले, आणि त्या जुन्या बुंध्याला मिठी मारून ढसाढसा रडले, काटे टोचले तरी. एनेलेसीची उरलेली ताटं अशी भरली की कणसाच्या टोकापर्यंत दाणा. उपासनींच्या हिशेबात प्रयोग फसला, कारण त्यांचं सगळं गणित शेतागणिक होतं. एक शेत अर्धं आणि दुसरं पार रिकामं. नंतर इतर गावांनी सूत मागितलं तेव्हा मी आधी विचारायला शिकले की इथे कोण कुणाबरोबर जेवतं, आणि मगच बियाणं दिलं. त्याला शास्त्र म्हणायचं की नाही ते ज्याने त्याने ठरवावं.

दुसरं शेत रिकामं का, ते आता सांगते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी काठी घेऊन पायवाटेवर आले. धुकं इतकं दाट की माझे पाय मला दिसत नव्हते. काठी कानाला लावली आणि दचकले. आवाज नव्हता. पाणी थांबलं होतं. वाटलं, झाड जागं झालं. वर धावले, एनेलेसीच्या मक्यात काठी खोचली. तिथे होता. टिकटिक, मोठा श्वास, टिकटिक, भरपूर. म्हणजे झाड देत होतं, पण खाली जात नव्हतं.

हळूहळू धुकं उठलं आणि खालचं शेत दिसायला लागलं. शेत नव्हतंच. मका आडवा. एक सोडून एक नाही, सगळा. शेवटच्या ताटापर्यंत बुडातून कापलेला, वरंब्यावर ओळीने नीट निजवलेला. गावातल्या शेळ्या येऊन शांतपणे तुरे खात होत्या. फालेसी अंगणात होती. तिने चूल पेटवून लेकरांपुरतं काहीतरी शिजत घातलं होतं, आणि शेजारी कापडाची दोन गाठोडी बांधून ठेवलेली. शहराला जाणारी लॉरी सकाळीच मोठ्या रस्त्यावर थांबते.

जिला मी दगड म्हटलं होतं तिने थोरलीचा छोटा घास पाहिला होता, आणि स्वतःचा घास घेतलाच नव्हता. टोपलीतून हात मागे घेऊन ती उठून चालली होती.

वरून एनेलेसी आली. तिने ते शेत पाहिलं. मी इतक्या वर्षांत त्या चेहऱ्यावर काही उमटताना पाहिलं नव्हतं. ती पायवाटेपाशी आली, तिथे थबकली नाही, तशीच ओलांडून गेली, कापलेल्या मक्यावरून, शेळ्यांना बाजूला सारत, आणि अंगणात जाऊन तिने पहिलं काम काय केलं असेल तर गाठोड्याला लाथ मारली.

मग तिच्या तोंडाचा पट्टा जो सुटला तो सुटलाच. म्हणाली, तुला अक्कल देवाने दिलीच नाही, लहानपणापासून तुझं असंच, दिलं तेवढं घ्यायचं सोडून एकतर सगळं तोडायचं नाहीतर सगळं टाकायचं. मी छोटा घास घेतला तो तू छोटा घ्यावास म्हणून. उठून जावंस म्हणून नाही. आता एवढा मका मी एकटीने काय करू, डोक्यावर बांधून नाचू? चार वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर पडत होतं. बोलता बोलता तिचा आवाज फुटला आणि तरी ती रागावतच राहिली. लेकरं एका कोपऱ्यात गोळा होऊन मावशीकडे टकामका बघत होती. धाकट्याने तर तिला जवळून कधी पाहिलंच नव्हतं.

फालेसी खाली बघून बोलली. इतकी हळू की मला पुढे व्हावं लागलं.

"पाणी तुझ्या झाडांचं आहे, अक्का. मी माझी झाडं खाल्ली."

एनेलेसीने पदरासारख्या त्या कमरेच्या कापडाने तोंड पुसलं. लाथाडलेलं गाठोडं उचललं, झटकलं, आणि आपल्या डोक्यावर ठेवलं.

"मग आता माझं खा," ती म्हणाली, आणि वळून चालायला लागली.

दूर मोठ्या रस्त्यावर लॉरीने दोनदा भोंगा वाजवला. फालेसीने चुलीतली लाकडं बाहेर ओढली, त्यांच्यावर माती टाकली, अर्धवट शिजलेलं भांडं उचललं, आणि लेकरांना पुढे घालून ती थोरलीच्या मागोमाग पायवाट ओलांडून वर गेली.